विधानसभेच्या यादीत नाव आहे, प्रभागाच्या यादीत नाही

ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदारनोंदणी होतच नाही. विधानसभेची यादी प्रभागांत फोडली जाते, आणि घोळ होतो तो असं फोडताना: हद्दीवरची घरं शेजारच्या प्रभागात जातात. म्हणून आधी शेजारच्या प्रभागांच्या याद्या बघा, तेही नावाने नको, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने. 'शिंदे'चं 'शिदे' झालेलं असलं तरी क्रमांक बदलत नाही.

प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी तहसील आणि ग्रामपंचायत कार्यालयात लागते. हरकत त्या यादीवरच्या हरकतींसाठी दिलेल्या मुदतीतच, लेखी द्या. सोबत विधानसभा यादीचं तुमचं पान जोडा आणि पोच घ्याच. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर ही हरकत चालत नाही. त्यासाठी नमुना ६ (नवीन नावनोंदणीचा अर्ज), पत्ता बदलला असेल तर नमुना ८, आणि तेही निवडणूक लागायच्या बरंच आधी.

मतदारयादीखेरीज ग्रामपंचायतीकडून ग्रामसभेचं इतिवृत्त किंवा जमाखर्च हवा असेल तर माहिती अधिकारात 'सर्व कागदपत्रे' असं मोघम मागू नका, उत्तरही मोघमच येतं. '१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ मधील ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या प्रती' असं लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस. खरं तर आधी अभिलेख पाहणी, म्हणजे मूळ कागद स्वतः बघायला मागावेत. वही समोर आली की नेमकी कुठली पानं हवीत ते कळतं.