सोलर नंतर, आधी कॉम्प्रेसरच्या हवेची गळती. पटतंय का?

कुपवाडचा टर्नर
कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), तीन लेथ, आणि मशीनना दाबाची हवा पुरवणारा 15 एचपीचा एक स्क्रू कॉम्प्रेसर. बिलाला वैतागून सोलरचं कोटेशन मागवलं, बँकेचे कागदही तयार झाले. सही करायच्या आदल्या रविवारी एक जॉब बघायला शॉप उघडलं, तर शनिवारी कॉम्प्रेसर बंद करायचा राहून गेलेला. एकही मशीन सुरू नाही, तरी तो मधूनमधून लोड घेतोय, म्हणजे हवा भरतोय. मोबाईलवर वेळ लावली. 2 मिनिटं लोड, 6 मिनिटं अनलोड (हवा न भरता), परत 2 मिनिटं लोड. म्हणजे पाव हवा कुणीही न वापरता जात होती.

मग साबणाचं पाणी घेऊन ब्रशने एकेक जोड तपासत गेलो. तिसऱ्या लेथच्या मागच्या कपलिंगवर लिंबाएवढा फुगा आला, फुटला, परत आला. तिथे मी रोज उभा असतो, पण मशीनच्या आवाजात कधी कळलंच नाही.

हिशेब सांगतो. 15 एचपी म्हणजे 11 किलोवॅट, त्याचा पाव पावणेतीन. दिवसाचे 10 तास धरले तर 27-28 युनिट. सोलरचा 1 किलोवॅट आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट देतो. म्हणजे नुसती ही गळती भागवायला मी 7 किलोवॅटचं सोलर कर्जाने घेणार होतो! दुरुस्तीला पाईप, चार कपलिंग आणि दोन बॉल व्हॉल्व्ह लागले. माझं ठाम मत झालंय, आधी गळती बंद करा, मग उरलेल्या वापरापुरतं सोलर घ्या.

तासगावचं कोल्ड स्टोरेज
दादा, तुमचा हिशेब बरोबर, पण सल्ला सगळ्यांना लागू नाही. माझ्याकडे बेदाणा 4 अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. माल येतो तो नेमका उन्हाळ्यात. बाहेर 40 अंश असताना थंडावा करणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि छपराचा पत्राही तेव्हाच सगळ्यात जास्त तापलेला असतो. ऊन आणि विजेचा वापर एकाच वेळी. सोलरला याच्याहून चांगलं गिऱ्हाईक कोण? तुम्ही साबणाचे फुगे शोधण्यात वर्ष घालवाल, तोवर बाराही महिने पूर्ण बिल भरत बसाल. मोठा आकडा आधी उचलावा.

विट्याचा मागवाला
दोघांचंही मला पटत नाही. आमच्या यंत्रमागाला विजेचा सवलतीचा दर आहे हे खरं. पण दर वाढला की ती सवलत कुठल्या कुठे जाते. 24 माग असलेल्या माणसाने पट्टे घट्ट केले, ट्यूब काढून एलईडी लावले, तरी वाचून किती वाचणार? आठ तास उभा राहून कापड काढणाऱ्यालाच ‘तू वीज वाया घालवतोस’ म्हणायचं, हे मला लागतं. दरावर बोला, सगळे मिळून बोला.

कुपवाडचा टर्नर
दरावर बोलूच, तुमच्या सोबत मी येईन. पण दर वाढला की गळतीचं एकेक युनिटही महागच होतं ना?

मिरजेचा वायरमन
शॉपफ्लोअरवर माझी 20 वर्षं गेली, म्हणून सांगतो. गळतीइतकीच मोठी गोष्ट हवेच्या प्रेशरची आहे. शॉपला 6 बार (दाबाचं माप) पुरत असताना कुणीतरी कधीतरी प्रेशर स्विच 8 वर नेऊन ठेवतो, तो तिथेच राहतो. 1 बार उतरवला की वीज 6-7 टक्के कमी लागते, पाना फिरवायचा खर्च शून्य. दुसरं, 20 किलोवॅटच्या वर मंजूर भार असेल तर बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे कामाला न लागणारी वीजही त्यात मोजली जाते. ती कमी ठेवणारा पॅनेलमधला कपॅसिटर मेला असेल तर न केलेल्या कामाचे पैसे तुम्ही भरता. सोलर बसवूनही डिमांड चार्ज (युनिटवर नाही, भारावर लागणारा आकार) तसाच राहतो, हे कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही.

साताऱ्याची बेकरीवाली
सोलर आधी की नंतर, हा वाद ज्यांचं छप्पर स्वतःचं आहे त्यांचा. माझं दुकान भाड्याचं, वर मालक राहतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेची सबसिडी फक्त घरगुती जोडणीला, ती मला नाही. मग माझ्या हातात काय? भट्टीचा क्रम. आधी पहाटे भट्टी तापवून मुलं कणीक मळत बसायची, रिकामी भट्टी अर्धा तास तापत राहायची. आता पाव फुगून तयार झाल्यावरच तापमान पूर्ण चढवते. आधी पाव, मग खारी, मग नानकटाई, आणि शेवटी स्विच बंद करून उरलेल्या धगीत टोस्ट वाळवते. टोस्ट उलट जास्त खुसखुशीत होतो. फ्रीजरच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढली गेली तर रबर गेलं समजा. माझ्या दोन फ्रीजरची रबरं अशीच सापडली.

तासगावचं कोल्ड स्टोरेज
ताई, टोस्टचं आवडलं. आमच्याकडे दारच खरं दुखणं आहे. हमाल पेट्या आत नेताना दार सताड उघडं, पडदा बाजूला बांधून ठेवलेला, कारण पेटी त्यात अडकते. हे सांगून सांगून दमलो.

मिरजेचा वायरमन
तासगावकर, दाराबरोबर कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) नळ्याही बघा. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, हेड प्रेशर (कॉम्प्रेसरच्या बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब) चढतं आणि मोटर जास्त अँपिअर खाते. नळ्या साफ करण्याआधी आणि नंतर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून अँपिअर मोजायचं मीटर) लावा, तेही दुपारी एकाच वेळेला. नाहीतर तुलना खोटी.

तासगावचं कोल्ड स्टोरेज
ते करतो. पण सोलरची सही मी थांबवणार नाही, माल यायच्या आत पॅनेल चढली पाहिजेत. फार तर किलोवॅट किती घ्यायचे ते अँपिअर बघून ठरवतो. आकडे इथेच टाकीन.

विट्याचा मागवाला
टाका. आणि साफ करायला किती मजुरी गेली तेही लिहा.