स्वतःच्याच वर्गावर केलेलं संशोधन खरं संशोधन मानायचं का? आणि करायचंच तर नीट कसं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. विषय रसायनशास्त्र, पदवीचं दुसरं वर्ष, साठ-साठ विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या. एका तुकडीला रासायनिक समतोल (पुढची आणि मागची अभिक्रिया एकाच वेगानं चालते ती अवस्था) नेहमीसारखा व्याख्यानानं शिकवायचा, दुसरीला गटचर्चा आणि तासातच सोडवायचे छोटे प्रश्न देऊन. मग दोघांचे गुण ताडून बघायचे, असा बेत आहे. विभागात यावर तीन मतं ऐकू येतात. एक, ‘निकाल काय लागणार ते आधीच ठाऊक आहे, कशाला मोजता?’ दोन, ‘वर्गात इतके घटक एकाच वेळी बदलतात की काहीच सिद्ध होत नाही.’ तीन, ‘करा हवं तर, पण बढतीच्या वेळी ते धरणार कोण?’ यातल्या कोणत्या आक्षेपात दम आहे, आणि कोणता आखणी नीट केली तर निभावतो?

तिसरा_बाक
पहिला आक्षेप सगळ्यात पोकळ. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. सक्रिय तासाला, म्हणजे विद्यार्थी स्वतः चर्चा करून प्रश्न सोडवतात अशा तासाला, बसलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो, चाचणीत मात्र त्यांनाच जास्त गुण. ऐकताना सोपं वाटणारं व्याख्यान ‘समजलं’ असा भास देतं आणि स्वतः झगडताना ‘काही कळत नाही’ असं वाटतं. विद्यार्थ्याचा अंदाज जिथे उलटा पडतो तिथे, त्याच्या चेहऱ्याकडे बघून केलेला शिक्षकाचा अंदाज कितपत धरायचा? म्हणून मोजायचं.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचं उत्तर संख्येत मिळतं. भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणारे अमेरिकी प्राध्यापक हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राचे ६२ अभ्यासक्रम, ६,५४२ विद्यार्थी एकत्र घेतले. मोजमाप साधं: मिळालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ. आधी ४० टक्के, नंतर ६४ टक्के असतील, तर २४ भागिले ६०, म्हणजे ०.४. पारंपरिक १४ अभ्यासक्रमांची सरासरी ०.२३ आली, सहभागावर भर असलेल्या ४८ अभ्यासक्रमांची ०.४८. त्यातही खोट काढता येते. चिठ्ठ्या टाकून वाटणी झालेली नव्हती, आणि उत्साही शिक्षकच नवी पद्धत उचलतात. पण २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हाही दिशा तीच: नापासांचं प्रमाण व्याख्यानवर्गांत ३३.८ टक्के, सक्रिय वर्गांत २१.८.

तेव्हा ‘व्याख्यान की चर्चा’ हा प्रश्न आता जुना झाला. कोणत्या संकल्पनेवर, कोणत्या प्रकारच्या प्रश्नानं, कोणाला फायदा होतो, हे विचारा. विज्ञानशाखेतल्या लोकांना असा नेमका प्रश्न पटतोही लवकर.

मध्यक
खडूफळा, तुमच्या आखणीत मोठं भोक आहे. तुमच्याकडे १२० निरीक्षणं आहेत असं तुम्ही धरून चाललात, पण पद्धत विद्यार्थ्याला नाही, तुकडीला मिळाली आहे. म्हणजे दोन निरीक्षणं. एका तुकडीतले विद्यार्थी एकमेकांसारखे होत जातात: तोच तास, तीच वेळ, तेच मित्र. हा सारखेपणा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१ धरला तर नमुन्याचा फुगवटा, म्हणजे किती पट जास्त विद्यार्थी लागतील तो आकडा, १ + (६० − १) × ०.१ = ६.९ येतो. १२० भागिले ६.९ म्हणजे जेमतेम १७ विद्यार्थ्यांइतकी माहिती. मध्यम फरक (प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, निम्मा) ८० टक्के खात्रीनं पकडायला प्रत्येक गटात ६४ स्वतंत्र विद्यार्थी लागतात, लहान फरक (०.२) पकडायचा तर ३९०च्या वर. आता हिशेब तुम्हीच करा.

उपाय आहे. दोन प्रकरणं घ्या आणि पद्धत अदलाबदल करा. पहिल्या प्रकरणाला ‘अ’ तुकडीत चर्चा, ‘ब’ तुकडीत व्याख्यान, दुसऱ्याला उलट. मुळात एक तुकडी हुशार असली तरी तिची हुशारी दोन्ही बाजूंना मोजली जाते. पुढच्या वर्षी तेच पुन्हा केलं की चार तुकड्या होतात. एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाहीच, पण दावा आटोपशीर ठेवलात तर शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाला तोंड देता येतं.

आणखी एक सापळा. पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेले पंधरा जण वेगळे काढून ‘यांची प्रगती सर्वाधिक’ असं लिहू नका. काहीही न करता त्यांचे गुण वर सरकतात, कारण त्या दिवशी त्यांच्यातल्या काहींचं नशीबच खराब होतं.

कोरा_कागद
संख्याशास्त्र नंतर, बहुतेक अभ्यास त्याआधी प्रश्नपत्रिकेतच गारद होतात. शिकवून झाल्यावर, आपण वर्गात काय बोललो ते डोक्यात ठेवून काढलेली प्रश्नपत्रिका आपल्याच पद्धतीला झुकतं माप देते. चाचणी शिकवण्याआधी तयार हवी. मागच्या वर्षीच्या तुकडीला आठ-दहा मोकळे प्रश्न द्या, त्यांची चुकीची उत्तरं त्यांच्याच भाषेत गोळा करा, आणि त्यांतून पर्याय बनवा. ‘समतोल झाला म्हणजे अभिक्रिया थांबली’ हा पर्याय त्यातूनच मिळेल. पूर्वचाचणीतच जवळजवळ सगळ्यांना येणारे प्रश्न काढून टाका; त्यांत वाढ दिसायला जागाच नसते. वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढीच लांबी ठेवा. तीच चाचणी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या, कारण नवलाईचा परिणाम तोवर ओसरलेला असतो.

गळती आधीच धरून चला. साठांनी पूर्वचाचणी दिली आणि उत्तरचाचणीला चव्वेचाळीस उरले, तर दोन्ही दिलेल्यांचेच गुण ताडायचे, आणि गळालेल्या सोळांचे पूर्वगुण बाकीच्यांपेक्षा वेगळे होते का, तेही छापायचं. ही ओळ शोधनिबंधात नसेल तर परीक्षक ती मागतोच.

संमतीचा कागद तुम्ही स्वतः वाटू नका. गुण देणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं विद्यार्थ्याला अवघड जातं. दुसऱ्या सहकाऱ्यानं तो वाटावा, बंद पाकिटात ठेवावा, आणि अंतिम गुण जाहीर झाल्यावरच तुमच्या हाती द्यावा. नीतिसमितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यायची. नंतर मिळत नाही.

खडूफळा
हे सगळं पदरात घेतो. दोन शंका उरल्या. मुलाखती घ्याव्यात का? आणि तिसऱ्या आक्षेपाबद्दल कोणीच बोललं नाही.

शेरा_तपासनीस
मुलाखतींना प्रयोगशाळेतले लोक ‘गप्पा’ म्हणतात, आणि नीट न केलेल्या मुलाखती तशाच असतात. गुण ‘किती’ ते सांगतात. ‘का’ ते विद्यार्थी समतोलाचं चित्र काढताना मोठ्यानं काय बोलतो त्यावरून कळतं. आठ-दहा मुलाखती घ्या, पण एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार-सहा तास जातात, हे वेळापत्रकात धरा. उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करायचं आणि नुसतं ‘८५ टक्के एकमत’ असं लिहायचं नाही. योगायोगानंच ७० टक्के जुळणार असेल, तर खरं एकमत (०.८५ − ०.७०) भागिले ०.३० म्हणजे ०.५ एवढंच. मग उत्तरांच्या प्रकारांच्या व्याख्या परत लिहायला बसावं लागतं.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि आखणी सुधारून तो जात नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बॉयर यांनी १९९० मध्ये अध्यापनावरच्या अभ्यासालाही विद्वत्तेचा दर्जा द्या म्हटलं. तत्त्व म्हणून ते कोणी नाकारत नाही, पण निवड समितीत बसलेले लोक आपल्या शाखेच्या नियतकालिकांची नावं शोधतात. म्हणून शाखेच्याच शिक्षणविषयक नियतकालिकाकडे जा. रसायनात ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’ १९२४ पासून आहे. ‘आम्ही हा उपक्रम केला, विद्यार्थ्यांना आवडला’ एवढ्याला संशोधन म्हणत नाहीत, हेही तिथे ध्यानात ठेवा. उलट जुन्या प्रयोगाची पुनरावृत्ती कमी लेखू नका: शिक्षणाच्या आघाडीच्या शंभर नियतकालिकांच्या २०१४ मधल्या पाहणीत पुनरावृत्तीचे लेख फक्त ०.१३ टक्के निघाले होते. जागा रिकामीच आहे.

खडूफळा
मग समतोल आणि अभिक्रियेचा वेग ही दोन प्रकरणं घेतो, आणि एका तुकडीला क्रम उलटा.

मध्यक
क्रम उलटवू नका, फक्त पद्धत उलटवा. वेग आधी शिकलेल्याला पुढची-मागची अभिक्रिया एकाच वेगानं चालते हे पटकन पोचतं. म्हणजे प्रकरणांच्या क्रमाचा परिणाम पद्धतीच्या खात्यात जमा होईल. दोन्ही तुकड्यांना आधी वेग, मग समतोल. मध्ये एक आठवडा दोघांनाही सारखंच शिकवा, नाहीतर ‘अ’ तुकडी चर्चेची सवय पुढच्या व्याख्यानातही घेऊन येईल.