लकवा आला की सरळ एमआरआय? कुणी सांगितलं?

रात्रपाळी:
काल इथेच कृष्णाकाठ यांनी लिहिलं: "पक्षाघाताची शंका आली की सीटीत पैसे आणि वेळ घालवू नका, सरळ एमआरआय मागा. सीटीत काही दिसत नाही." सकाळी उठतो तर हाच मजकूर आमच्या घरच्या तीन ग्रुपांवर फिरून आलेला. माझ्या काकूने तो मलाच पाठवला, खाली हात जोडून. अकरा वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या साडेचार तासांत आम्हाला सगळ्यात आधी एकच उत्तर हवं असतं: डोक्यात रक्तस्राव आहे की नाही? गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन, ते सहसा याच वेळात द्यायचं असतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन विष. सीटी हे दोन-तीन मिनिटांत सांगतं. १९९५ साली ज्या अमेरिकन अभ्यासाने हे इंजेक्शन रूढ केलं, त्यात आधी साधं सीटीच केलं होतं. सीटीत "काही दिसलं नाही", हीच तर आम्हाला हवी असलेली बातमी!

आता एमआरआय. ते मोठं चुंबक. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे विचारायचं कुणाला? ज्याची वाचा गेलीय त्याला? मुलगा अजून एसटीत. पेशंट ओकतोय, हलतोय, चित्रं धूसर येतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास पेशी मरतात, असा हिशेब आहे. आणि आमच्या तालुक्यातल्या एमआरआयला रात्री आठला कुलूप लागतं. किल्लीवाला जेवून येईपर्यंत करा गुणाकार.

कृष्णाकाठ:
बराच राग आलेला दिसतोय. मग माझंही ऐका. आई सकाळी उठली, दात घासले, आणि चक्कर सुरू. उलट्या. चालताना डावीकडे झोक जायचा, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सीटी केलं, "नॉर्मल आहे, पित्त झालंय," म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाणी गिळता येईना. मग एमआरआय. लहान मेंदूत पांढराशुभ्र डाग. आज ती काठीवर चालते आणि पेज पिते. २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ३५६ पेशंटांचा अभ्यास आला होता: पक्षाघात ओळखण्यात एमआरआय ८३ टक्के, सीटी २६. हे आकडे तुमच्या कॅज्युअल्टीत पोचले नाहीत का?

रात्रपाळी:
आईंचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण चुकलं कोण? सीटी नॉर्मल म्हणजे पक्षाघात नाही, असा अर्थ लावणारा माणूस. आणि तुमच्या लाडक्या एमआरआयचाही दगा सांगतो. मेंदूच्या मागच्या भागातला अटॅक पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातही हुकू शकतो. सतत चक्कर येणाऱ्या पेशंटचे डोळे आणि मान जाणत्या हाताने नीट तपासली, तर सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा जास्त कळतं, हे २००९ सालीच छापून आलंय. त्याला वीजही लागत नाही.

कृष्णाकाठ:
जाणता हात कुठल्या तालुक्यात मिळतो तेवढं सांगा. मशीन निदान रात्री आठपर्यंत तरी असतं.

माजघर:
तुमचं चालू द्या, पण एमआरआयला नेण्याआधी काय होतं ते कुणी लिहीत नाही. आमच्या सासूबाईंचा उजवा हात लुळा पडलेला, आणि डाव्या मुठीत मंगळसूत्र. सोडेचनात. मामंजींनी स्वतः "अगं, मी आहे ना इथे," म्हटलं तेव्हा मूठ सैल झाली. मग पाटल्या. तीस वर्षांत एकदाही न काढलेल्या. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी कापल्या. त्यात पाऊण तास गेला!

सराफकट्टा:
शुद्ध गाढवपणा. सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. बावीस कॅरेटमध्ये तांबं आणि चांदी, तीही चिकटत नाहीत. कापायला कुणी सांगितलं? की सुनेलाच घाई झाली होती?

माजघर:
तोंड सांभाळून. सही माझी होती आणि घामही माझाच. तंत्रज्ञ "काढा" म्हणाला, काढल्या. आणि कापलेल्या पाटल्या पुढे तुमच्यासारख्याच एकाने मोडीत घेतल्या, भरपूर घट धरून. तेव्हा नाही कुणाला शुद्धता आठवली.

चुंबकखोली:
एमआरआय मीच चालवतो, दोघांनाही सांगतो. सोनं ओढलं जात नाही, खरंय. पण अंगावरचं बंद कडं तापू शकतं, आणि गळ्यातल्या धातूमुळे जवळचं चित्र बिघडतं. शिवाय मंगळसूत्र सोन्याचं असलं तरी फाशातली इवली स्प्रिंग कशाची, ते सराफालाही ठाऊक नसतं. जोडवी चांदीची म्हणून सांगतात, निघतात भलत्याच धातूची. पाटली निघतच नसेल तर आम्ही डॉक्टरांना विचारून पट्टी गुंडाळतो आणि लक्ष ठेवतो. कापायचं शेवटी. माझा खरा वैरी निऱ्यांतली सेफ्टीपिन. कुणालाच आठवत नाही, आणि ती लोखंडाची. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट एका पेशंटचा नातेवाईक अशाच एमआरआयच्या खोलीत ओढला गेला आणि जिवाला मुकला. तेव्हापासून मी कुणाची भीड ठेवत नाही.

सराफकट्टा:
स्प्रिंगचं मान्य. फाशातली स्प्रिंग स्टीलची असू शकते. पाटल्यांचं नाही.

रात्रपाळी:
धागा पक्षाघाताचा आहे. बघा, मी म्हटलं नव्हतं? पाऊण तास पाटल्यांत गेला. सीटीला यातलं बहुतेक काही लागत नाही. डोक्यावरच्या पिना, कानातलं काढलं की झालं.

अर्धमेंदू:
मेंदूविकाराचं बघतो, म्हणून दोघांवरही थोडं पाणी ओततो. वेळ माहीत असेल तर आधी सीटी, यात रात्रपाळी बरोबर. पण माणूस झोपेतून उठला तोच लकवा घेऊन, तर साडेचार तास मोजायचे कुठून? तिथे एमआरआय घड्याळाचं काम करतो. त्यात दोन प्रकारची चित्रं बघतात. एकात डाग काही मिनिटांत उजळतो, दुसऱ्यात उजळायला काही तास लागतात. पहिल्यात दिसला आणि दुसऱ्यात नाही, तर अटॅक बहुधा ताजा. २०१८ साली युरोपात असे ५०३ पेशंट घेतले. इंजेक्शन दिलेल्यांत तीन महिन्यांनी ५३ टक्के चांगले सावरले, न दिलेल्यांत ४२. पण इंजेक्शनच्या गटात १० जण दगावले, दुसऱ्यात ३, हेही लपवू नका. फ्रान्समध्ये बऱ्याच केंद्रांत पहिली तपासणीच एमआरआय असते. तिथे मशीन तळमजल्यावर आणि माणूस जागा असतो.

कृष्णाकाठ:
म्हणजे मीच बरोबर होतो. छान.

रात्रपाळी:
हो, हो. पेशंट झोपेतून उठला असेल, मशीन चालू असेल, तंत्रज्ञ जागा असेल, पिन निघाली असेल आणि चित्रं वाचणारा डॉक्टर जागेवर असेल, तर तुम्ही अगदी बरोबर. आता मजकुरात एवढंच घालून परत फिरवा. माझ्या काकूलाही पाठवा.

कृष्णाकाठ:
मजकूर बदलतो. "शंका आली की" काढून "झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर" घातलंय. "सीटीत काही दिसत नाही" तसंच ठेवलंय. आईसाठी.

माजघर:
अर्धमेंदू, एक विचारायचं होतं. सासूबाई दुपारी झोपून उठल्या तेव्हाच हात पडलेला होता. एकला जेवून लवंडल्या, मी ताट उचललं तेव्हा धड बोलत होत्या. दवाखान्यात सगळ्यांनी "कधी झालं?" विचारलं, आम्ही "साडेतीनला" म्हणालो. शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या, हे विचारलंच नाही कुणी.

अर्धमेंदू:
मग तुमचं घड्याळ एकपासून. साडेतीनपासून नव्हे.

सराफकट्टा:
ताई, घट किती धरली होती?

माजघर:
बारा टक्के.

सराफकट्टा:
लुटलं तुम्हाला.