बागायतदाराच्या शेती उत्पन्नावर कर लागला पाहिजे, माझ्यासकट

वरूडचा बागायतदार:
यंदाच्या संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाला, इसार हातात आला, आणि मनात बरेच दिवस असलेलं मांडावंसं वाटलं. बाग साधली तर मला एका बहारात जे मिळतं, ते माझ्या शिक्षिका बहिणीला वर्षभर शिकवूनही मिळत नाही. तिचा आयकर पगारातूनच कापला जातो. माझ्या शेती उत्पन्नाला आयकरातून माफी आहे.

जानेवारी 2024 मध्ये दावोसच्या बैठकीच्या वेळी अडीचशेहून जास्त श्रीमंतांनी पत्र लिहून पुढाऱ्यांना सांगितलं की आमच्या संपत्तीवर कर लावा. मी काही त्यांच्या तोलाचा नाही. पण गावाच्या मानाने मी श्रीमंतच आहे. म्हणून म्हणतो, खर्च वजा जाता पंधरा लाखांच्या वर शेतीतून उरत असेल तर राज्याने कर घ्यावा. पंधरा लाख हा आकडा माझा, तो वीस करा हवं तर.

आमची पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, बघा. तोडणीच्या वेळी पाऊस झाला की ट्रॅक्टर चाकाच्या आसापर्यंत रुततो, मग बाया भरलेलं कॅरेट डोक्यावर घेऊन चिखलातून डांबरीपर्यंत येतात. बाग माझी, मान मोडते त्यांची.

मारेगावचा कापूसवाला:
भाऊ, तुमचा हेतू चांगला हाय, पण हे दार उघडू नका. आज पंधरा लाख म्हणान, उद्या ते तीनवर आणाले सरकारले कितीक वेळ लागते? सातबारा घेऊन कोरडवाहूवालाच तहसीलच्या चकरा मारन.

अन् आम्ही कर भरत नाई असं कोन म्हणते? फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी, तो आमाले वापस भेटत नाई. ऑगस्ट 2025 मंदी सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, ते बी हंगामाच्या तोंडावर. त्या 2025-26 च्या हंगामाले हमीभाव क्विंटलमागं 8110 लिहून ठेवला, पण पैशाची नड असलेला मानूस खेडा खरेदीत, गावात येनाऱ्या व्यापाऱ्याले, काय भावानं देते ते मले मालूम हाय. मधातला फरक म्हणजे आमचा करच झाला.

वरूडचा बागायतदार:
आयात शुल्काचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. बांगलादेशाने शुल्क वाढवत नेलं तेव्हा आमच्या संत्र्याचंही कंबरडं मोडलं. पण ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी उरतच नाही, मग करही नाही. मी उरलेल्यावर बोलतोय. कोरडवाहूवाल्याच्या आडोशाला माझ्यासारख्याने किती वर्षं उभं राहायचं?

अमरावतीहून:
काका, एवढं वाटतंय तर पांदणीवर मुरूम टाकून द्या की. उद्योगपती जमनालाल बजाजांनी वर्ध्यात दान दिलं ते कोणत्या कायद्याने? विनोबांना लोकांनी जमिनी दिल्या त्या मनाने. ज्याला द्यायचं तो देतो, इतरांवर सक्ती कशाला?

दारव्ह्याची शिक्षिका:
सक्ती हवीच, दादा. देणगी देणारा आपल्या पसंतीचं काम निवडतो. आमच्याकडे मंदिराच्या सभामंडपाला फरशी आली, शाळेच्या मुलींचं स्वच्छतागृह तसंच पडून आहे. पाटीवर नाव घालता येत नाही तिथे कोणी पैसा देत नाही.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलंय. 1975 मध्ये व्यवसाय कर लागला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर खेड्यातल्या बायांनी बांधबंदिस्तीची, रस्त्याची कामं केली. माझी आई त्या कामांवर जायची. ते कोणाचे उपकार नव्हते, मागेल त्याला काम हा हक्क होता. खटकतं ते एवढंच, की राज्यघटनेने या कराला वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणून माझ्या पगारातून जेवढा जातो तेवढाच महिन्याला पाच लाख कमावणाऱ्याच्या पगारातून.

कर सल्लागार, यवतमाळ:
एक नेमकी गोष्ट. शेती उत्पन्नावर कर लावणं हा राज्याचा अधिकार आहे, केंद्राचा नाही. केंद्राने नेमलेल्या के. एन. राज समितीने 1972 मध्येच मोठ्या शेतीवरच्या कराचा आराखडा दिला होता. दुसरं, शेतीच्या नावाखाली धंद्याचा पैसा पांढरा होतो, आणि त्याची बदनामी खऱ्या शेतकऱ्याला सोसावी लागते. कापूसवाले भाऊ, हे थांबलं तर फायदा तुमचाच.

मात्र फक्त बागायतदाराला धरून चालणार नाही. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, 2023 मध्ये नव्या करप्रणालीत 37 वरून 25 टक्क्यांवर आला. सुरुवात वरून करा, मग वरूडला या.

मारेगावचा कापूसवाला:
हे आता बोलले तुम्ही! शहरातल्या कोट्यधीशाले सूट अन् संत्रावाल्यानं आपल्या हातानं मान पुढं करावं, हे मले पटत नाई.

अन् पैसा जाईन कुठं? मुंबईले. दांडेकर समितीनं 1984 मंदी अनुशेष, म्हणजे कोनता भाग विकासात किती मागं राह्यला ते, मोजून देला, 1994 मंदी विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ आलं, 2020 मंदी त्याची मुदत संपली. आमच्या शिवारात पाणी आलं नाई. तुमच्या कराचा पैसा तुमच्या पांदणीवर येईन याची हमी कोन घेते?

वरूडचा बागायतदार:
हमी कायद्यातच लिहून घ्यायची. ज्या जिल्ह्याचा कर, त्यातला निम्मा त्याच जिल्ह्याच्या पांदण रस्त्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना, आणि हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचायचा. शहरातल्यांचं आधी होऊ द्या म्हणाल तर तेही मागू, दोन्ही एकाच निवेदनात. पहिली सही माझी राहील.

मारेगावचा कापूसवाला:
लेखी कलम दाखवा आधी, मंग सहीचं पाहू. अन् कोरडवाहूले कायमची माफी, हे त्याच्यात पयल्या ओळीत पाहिजे.

दारव्ह्याची शिक्षिका:
पहिल्या ओळीत तेच घ्या, काका. मसुदा लिहायला मी बसते.