मदत हवी आहे: किटची इलेक्ट्रिक गिटार, कोल्हापूरचा पाऊस आणि फिनिशिंग

नमस्कार मंडळी,

टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीचं, सुटे भाग जोडायचं किट घेतलंय. बॉडी बासवूड लाकडाची, नेक (दांडी) मेपलची, चार स्क्रूंवर बसणारी. उद्यमनगरात (इथल्या औद्योगिक वसाहतीत) कामाला आहे, त्यामुळं सोल्डरिंगची चिंता नाही. रंगाआधी सगळं एकदा जोडून बघितलं. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी, नटपासून (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (दांडीवरची धातूची पट्टी) बरोबर निम्मं, ३२४ भरतं, ब्रिजही (बॉडीवरची तारा टेकतात ती घोडी) जागेवर येतो. घोडं अडलंय फिनिशिंगवर.

राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, घरात बनियन वाळेना, तिथं लॅकर काय वाळणार? एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं दुखणं ठाऊक आहे. थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि पांढरट झाक उमटते. रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्राव) घालून थोडं निभावतं म्हणतात, पण या हवेत माझा त्यावर भरवसा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गाड्या रंगवणाऱ्याकडून टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारून घेणे. टिकाऊ काम, पण गिटार बोनेटसारखी दिसेल अशी भीती वाटते. तिसरा मार्ग चपडीचं (शेलॅकचं) स्पिरिट पॉलिश. मिरज जवळच आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तर त्या कारागिरांना विचारावं असंही मनात येतं. फक्त तंबोऱ्यावर कोणी घामेजलेला हात तासभर घासत नाही. चपडी गिटारवर टिकते का, कोणी वापरली आहे का?

मला लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

तारकरी:
रेषांचा नाद सोडा राव. बासवूडला दाखवण्यासारख्या रेषाच नसतात, वर डाग (स्टेन, लाकडात मुरणारा रंग) एकसारखा न लागता ठिपक्या-ठिपक्यानं बसतो. सरळ एकरंगी करा. फायदा एवढाच की रंध्रं बारीक, महोगनीसारखं ग्रेन फिलर (रंध्रं बुजवणारा लगदा) भरत बसावं लागत नाही.
आणि किटच्या बॉडीला बऱ्याचदा कारखान्यातूनच सीलर (रंध्रं बंद करणारा पहिला थर) मारलेलं असतं. पाण्याचा थेंब टाकून बघा. जिरून लाकूड काळपटलं तर कोरं आहे, थेंब तसाच उभा राहिला तर सीलर आहे. त्यावर डाग धरणार नाही.

रंधामास्तर:
चपडी दिसते झकास, पण घाम आणि उष्णतेनं मऊ पडते, सॅनिटायझरचा हात लागला तर संपलंच. मी खालच्या सीलरपुरती वापरतो, वर दुसरं काही. दमट हवेत तीही पांढरी पडते, म्हणजे पाऊस काही चुकत नाही.
पीयू मारणार असाल तर घरात नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, रुमाल किंवा कापडी मास्क बांधून ते अडत नाही. गॅरेजवाल्याला नेक पॉकेट (बॉडीतली दांडी बसायची खाच) टेपनं झाकायला आवर्जून सांगा. तो गाडीच्या हिशोबानं थर चढवतो, पॉकेट आवळतं आणि नेक दाबून बसवताना कोपऱ्यात रंग तडकतो. ब्रिजखाली येणारी अर्थची वायरही उघड्या धातूला लागली पाहिजे, नाहीतर रंग कितीही भारी असला तरी ॲम्पमधून गुणगुण.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. थेंब टाकून बघितला. मधोमध लगेच जिरला. पण जिथं दोन फळ्या जोडल्यात त्या रेषेवर, करंगळीएवढ्या पट्ट्यात, थेंब तसाच उभा. बाकी बॉडी कोरी दिसते. हे काय असावं?

तारकरी:
जोडावरचा डिंक पसरलाय. १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर तिथं खळगा पडेल, मऊ लाकूड आहे. मग परत थेंब टाका. डाग द्यायचाच हट्ट असेल तर आधी पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत लावून बघा, तिथं बिघडलं तरी कोणाला दिसत नाही. लॅकर मात्र दसऱ्यानंतर, तोवर वायरिंग आणि फ्रेटची टोकं घासून घ्या.