मांजर तुमची, अंगण शेजाऱ्याचं

निंबाखाली (प्रतापनगर)

आधीच सांगते, मी मांजरवालीच आहे. घरात दोन आहेत, दोघींची नसबंदी झालीय आणि दोघी घरातच असतात. शहरात पाळलेली मांजर मोकळी सोडू नये, हे माझं मत. शेतावर, मळ्यात काय करायचं ते करा. नागपुरातल्या प्रतापनगर, खामला, मनीषनगरात नको.

विषय निघाला तो आमच्या गल्लीतल्या भांडणावरून. शेजारच्या काकूंच्या मधुमालतीत बुलबुलाचं घरटं होतं. पलीकडच्या घरातला बोका भिंतीवरून आला आणि पिल्लं गेली. काकू सांगायला गेल्या तर उत्तर काय, "मांजर आहे, मांजरासारखीच वागणार!" अगदी खरं. पण ती तशीच वागणार हे ठाऊक असूनच दार उघडलं ना तुम्ही? मग निस्तरायचं कोणी?

उन्हाळा लागला की बुलबुल, दयाळ, शिंपी यांची वीण सुरू होते. दयाळाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. कुंड्यांच्या मागे, जास्वंदीच्या बुडाशी फुदकत राहतात आणि आईबाप वरून जिवाच्या आकांतानं ओरडत असतात. मांजरीला याहून सोपं काही नाही. पोटभर जेवलेली मांजरही मारते, कारण तिची शिकार भुकेवर अवलंबून नसते. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की मोकळ्या फिरणाऱ्या मांजरी तिथे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरींचा आहे, हेही सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी लगेच काढेलच. पण बेवारस मांजरी येतात कुठून? नसबंदी न करता मोकळ्या सोडलेल्या पाळीव मांजरींपासूनही येतात.

महालातला

ताई, रागावू नका, पण हे प्लॉटवाल्यांचं डोकं हाय. आमच्याकडे, जुन्या नागपुरातल्या महालात, येऊन पाहा एकदा. लाकडी माळे, खाली किराणा, बाजूले धान्याचं गोदाम. मांजर नसती तं उंदरांनी घराचे कागदबी ठेवले नसते. अन् आमच्या वाड्यात मांजर कोणी आणली नाई, तिच्या आजीची आजी इथंच व्याली. सकाळी आमच्याकडे पोळीचा कुस्करा, दुपारी समोरच्याकडे मासोळीचं मुंडकं, रात्री कौलावर. आता तिले कोणत्या खोलीत कोंडू सांगा? दारं तरी किती लावू?

उन्हाचं म्हणान तं मे महिन्यात दुपारी मांजर रस्त्यावर दिसली का कधी? कुलरच्या खाली जिथं पाणी झिरपते ना, त्या ओल्या फरशीवर चारी पाय ताणून पडून राहते. आपल्यापेक्षा हुशार हाय ते.

अन् पक्षी मारते म्हणता, तं संक्रांतीले नायलॉन मांज्यानं किती मरतात ते पाहा. बंदी हाय तरी झाडाझाडाले लटकून राहिला. तवा कोणी बोलत नाई, मांजरीवर मात्र सारे तुटून पडून राहिले.

पंखांची नोंद

भाऊ, मांजा वाईट म्हणून मांजर निर्दोष कशी ठरते? जखमी पक्षी घेऊन सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला मी संक्रांतीतही गेलोय आणि एप्रिलमध्येही. मांज्यानं कापलेला पंख कधीकधी जुळतो. मांजरीनं धरलेला पक्षी वरून धड दिसतो, एखादं पीस मोडलेलं, बस. पण सुळ्यातले जंतू आत गेलेले असतात आणि औषधाला उशीर झाला तर तो एकदोन दिवसांत मान टाकतो.

उंदरांबद्दल सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचरा-प्रक्रियेच्या एका केंद्रात संशोधकांनी कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिलं. २०१८ साली ते छापून आलं. इतक्या दिवसांत मांजरींनी मारलेले उंदीर दोन. मोठ्या उंदराच्या नादी मांजर सहसा लागत नाही. तुमच्या नालीतली घूस मांजरीपुढे येऊ द्या, मागे कोण सरकतं बघा! तिला हवी चिमणी, सरडा, पाल, खारीचं पिल्लू.

जर्मनीत वॉल्डॉर्फ नावाच्या गावानं २०२२ मध्ये चंडोलाच्या विणीपुरतं मांजरी घरात ठेवण्याचा हुकूम काढला, न ऐकणाऱ्याला ५०० युरो दंड. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ पासून जन्मलेली कुठलीही पाळीव मांजर मालकाच्या हद्दीबाहेर मोकळी फिरू शकत नाही.

सातवा मजला (वर्धा रोड)

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे आणू नका हो. तिथे मांजरकुळातला एकही मूळचा प्राणी नव्हता, तिथल्या प्राण्यांना ही शिकारी नवीन. आपल्याकडे रानमांजर आहे, वाघाटी आहे, मुंगूस, शिक्रा, भारद्वाज सगळे आहेत. आपला बुलबुल पहिल्या दिवसापासून यांच्यातच जगतोय. आणि इंग्लंडमध्ये मांजर बाहेर सोडणं ही साधी रीत आहे. तिथली पक्ष्यांसाठीच काम करणारी आरएसपीबी ही संस्था म्हणते, की बागेतल्या मांजरींमुळे पक्ष्यांची संख्या घटते असा ठोस पुरावा नाही. पक्षीवाले म्हणतात, मांजरवाले नव्हे.

"बाहेर सोडली की लवकर मरते" हेही सरसकट ऐकवतात. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१५ साली काढलेलं मांजरांचं मध्यम आयुर्मान १४ वर्षं आहे. बहुतेक मांजरी बाहेर जाणाऱ्या, तरी १४.

आता माझं ऐका. माझा बोका फ्लॅटमधून कधी बाहेर गेला नाही. बाल्कनीच्या जाळीला नाक लावून बसतो आणि समोरच्या एसीवर कबूतर आलं की त्याचा जबडा थरथरतो, दात कटकट वाजतात, गळ्यातून बारीक अर्धवट आवाज निघतो. हे दिवसभर. मागच्या वर्षी त्याची लघवी तुंबली. माती उकरतो, बसतो, थेंब नाही. रात्री धावपळ, नळी टाकावी लागली. डॉक्टरांनी कारणं सांगितली ती अशी: वजन वाढलेलं, हालचाल नाही, पाणी कमी पितो, कोरडं खाणं, त्यात ताण. म्हणजे सुरक्षित ठेवून मी त्याला आजारीच पाडलं म्हणायचं. चार भिंतींत दहा-बारा वर्षं काढायला लावणं हे प्रेम आहे का, याचं उत्तर घरात ठेवणाऱ्यांनी द्यावं.

निंबाखाली

दादा, बोक्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्यातलं एकही कारण "दार बंद होतं" हे नाही. वजन, पाणी, कोरडं खाणं, खेळ नाही, हे सगळं घरात राहूनच दुरुस्त होतं. एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ चा प्रयोग आहे. मांजरींना मांस जास्त असलेलं खाणं दिलं, तर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं, तर २५ टक्क्यांनी. पाच मिनिटं! आपण मोबाइलवर बोट फिरवण्यात याच्या कितीतरी पट घालवतो. त्याच प्रयोगात गळ्यातल्या घुंगराचा काही फरक दिसला नाही, म्हणजे मांजरीच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा वादच मिटला.

आणि बुलबुल शिक्र्याबरोबर जगतोय हे खरं, पण शिक्र्याला कोणी दोन वेळ कॅटफूड वाढत नाही. शिकार मिळाली नाही की शिक्रा उपाशी राहतो, त्याची संख्या आपोआप आवरते. तुमच्या गल्लीतल्या मांजरींची कशानं आवरणार?

दवाखान्यातून

मी पशुवैद्यक आहे, टेबलावर जे येतं तेवढंच सांगतो.

मोकळ्या बोक्यांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे चाव्याचं गळू. वरून टाचणीएवढं भोक, तेही लगेच भरतं. आत पू साठत जातो. दोन-चार दिवसांनी मालक घेऊन येतात, "खात नाही, तापलाय" म्हणून. केस कापले की गालावर नाहीतर शेपटीच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ निघते. ती फोडून धुता येते. पण चाव्यातून एफआयव्ही, म्हणजे मांजरींची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू, शिरला तर तो कायमचा. दुसरं, उंदराचं औषध. मांजर औषध खात नाही, पण औषध खाल्लेला सुस्त उंदीर तिच्या हाती आयता लागतो. आणि इंग्लंडच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आलाय, त्यातच मृत्यूचं पहिलं कारण अपघात आणि इजा हे आहे, मूत्रपिंडाचे विकार त्याच्या पाठोपाठ.

बर्ड फ्लूचं कोणी काढलं नाही, नागपूरकरांनी तरी काढायला हवं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्यात पाळीव मांजरींत तोच एच५एन१ विषाणू सापडला. छिंदवाडा इथून सव्वाशे किलोमीटर. मेलेला, आजारी पक्षी तोंडात धरणारी मांजर म्हणून धोक्यात. पण थांबा, गोरेवाड्यात संशय खाद्यातल्या चिकनवर होता. तेव्हा घरातल्या मांजरीला कौतुकानं कच्चं चिकन घालणाऱ्यांनी फार निर्धास्त राहू नये. तसंच पॅनल्युकोपेनिया हा मांजरींचा जीवघेणा विषाणूजन्य रोग बुटाच्या तळव्याला चिकटूनही घरात येतो. "आमची बाहेर जात नाही, लस कशाला" हे वाक्य मी फार ऐकतो आणि मग पिल्लं हातात मरतात.

माझं मत विचाराल, तर घरात ठेवा. पण "सातवा मजला" यांचं दुःख खोटं नाही. तुंबलेला बोका जवळजवळ नेहमी घरातलाच असतो.

सहावा महिना

माझा प्रश्न वेगळाच आहे. मी गरोदर आहे आणि सासूबाई म्हणतात, मांजर हाकला, बाळाला होतं. मांजर चार वर्षांपासून आहे, बाहेर जाते-येते. काय करू?

दवाखान्यातून

ताई, हाकलू नका. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीबद्दल बोलतायत त्या. मांजरीला ही लागण शिकारीतून किंवा कच्च्या मांसातून होते, आणि विष्ठेतून अंडी बाहेर पडतात ती बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक ते तीन आठवडे. पडल्या पडल्या ती बाधत नाहीत, निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ व्हावा, आणि तो यजमानांनी करावा. मांजर आता घरात ठेवा, शिजवलेलं द्या. मटण पूर्ण शिजवून खा. पालक, सांबार (कोथिंबीर) नीट धुऊन घ्या, बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे घाला, कारण गल्लीतल्या सगळ्या मांजरी वाफ्यातच उकरतात. बाकी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा, त्या तपासणी सुचवतील.

निंबाखाली

हे वाफ्यात उकरण्याचं वाक्य माझ्या शेजारच्या काकूंना दाखवते. त्या मेथी लावतात. पक्ष्यांचं सोडा, दुसऱ्याच्या मेथीत आपल्या मांजरीनं घाण करावी हा हक्क कुठून आला? कुत्रं असं सोडलं असतं तर गल्ली अंगावर आली असती.

सातवा मजला

मान्य, मेथीचं मान्य. पण मग मधला रस्ता का नको? संध्याकाळी जेवण घरातच द्यायचं, म्हणजे दिवेलागणीला मांजर आपोआप येते. रात्रभर आणि पहाटे बंद. शिकारीची, भांडणाची, गाडीखाली येण्याची वेळ बऱ्यापैकी टळते. घरटी असतात त्या महिन्यांत दिवसाही बंद. मी बोक्याला पट्ट्यावर गच्चीत नेतोय सध्या. पहिले काही दिवस जमिनीला पोट चिकटवून पडला होता, आता टाकीखाली लोळतो.

पंखांची नोंद

पहाटे बंद ठेवाल तर माझी अर्धी तक्रार संपली. उरलेली अर्धी राहील, दयाळाची पिल्लं दुपारीही जमिनीवरच असतात.

महालातला

तुमचं ठीक हाय, तुमच्या एकेक मांजरी. आमच्या वाड्यात आता लहान-मोठ्या मिळून आठ झाल्या. डॉक्टरसाहेब, खरं सांगतो, पिल्लं पाहवत नाईत. गाडीच्या बोनेटमधी शिरतात थंडीत, अन् पोट्टे सकाळी चावी मारतात. नसबंदीचं माह्या डोक्यात हाय, पण ह्या हाताले लागतच नाईत. पकडायच्या कशा?

दवाखान्यातून

हातानं पकडू नका, चावेल आणि रेबीजच्या सुया घेत बसाल. पिंजरा लागतो, आत खायला ठेवलं की दार मागून पडतं तो. दोन-तीन दिवस दार बांधून उघडं ठेवा, आत खाऊ द्या, मग एक रात्र काही देऊ नका आणि सकाळी लावा. माद्या आधी. ज्यांची पिल्लं अंगावर पितायत त्यांना महिना-दीड महिना थांबा, पण त्याहून जास्त नाही. दूध पाजत असतानाही मादी पुन्हा गाभण राहते आणि नऊ आठवड्यांत नवं वेत. ऑपरेशन झालं की खूण म्हणून कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे तीच मांजर पुन्हा टेबलावर येणार नाही. रेबीजची लस त्याच दिवशी.

महालातला

पिंजरा करून घेतो, गल्लीतच वेल्डिंगवाला हाय. दोन माद्या लगेच आणतो. पण ऑपरेशन झाल्यावर सोडीन वाड्यातच, कोंडणार नाई. निंबाखालीच्या ताईले सांगून ठेवतो आत्ताच.

निंबाखाली

सोडा भाऊ. तुमच्या वाड्याला दारं नाहीत, माझ्या शेजाऱ्यांच्या घराला आहेत. माझं भांडण त्यांच्याशी आहे.