येळवसला फोन घरी ठेवून शेतात जायचं का?

मांजराकाठ

आठवडा झाला येळवस होऊन, पण मनातून एक गोष्ट जात नाही म्हणून इथं लिहायलोय.

ज्यांच्याकडं हा सण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात अख्खी गावं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की 'ओलगे ओलगे' म्हणत शेताला फेरी मारायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबिल. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो नसो. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस असतात.

यंदा आमच्या कोपीत अठरा माणसं होती. पुण्याहून दोन्ही भाऊ लेकरांसह आले होते. बांधावरून एक पोरगा चालला होता, तर वडिलांनी सवयीनं हात वर करून हाक मारली, 'या, जेवून जावा.' त्याच्या कानात हेडफोन. तो तसाच पुढं गेला. वडील हात वर करून उभेच राहिले.

पण मला छळतंय ते वेगळंच. जेवणं झाल्यावर वडील सांगत होते, १९७२ च्या दुष्काळात आपल्या विहिरीचा झरा कसा आटला, आजोबांनी कुठल्या बाजूनं आडवं खोदलं. मी सोयाबीनचा भाव बघायला फोन काढला, आणि भाव बघून झाल्यावरही बोट पडद्यावर फिरतच राहिलं. मान वर केली तेव्हा वडील गप्प होते. कधी थांबले ते मला कळलंच नाही. परत विचारलं तर म्हणाले, 'राहू दे, पुढच्या वर्षी.' ते ८१ वर्षांचे आहेत.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात पोरांच्या हातात अभ्यासासाठी गेलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद होतात, ते साडेआठपर्यंत. माझं म्हणणं असं की आपल्याकडं येळवसला फोन घरीच राहावेत, आणि रोजच्या दीड तासाचा ठराव प्रत्येक ग्रामसभेनं घ्यावा. माणसांच्या मर्जीवर सोडून हे होणार नाही. माझ्याच्यानं झालं नाही.

बालाघाटची लेक

दादा, वडिलांचं वाचून जीव तुटला. तरीपण ठरावाला माझा विरोध आहे.

मी बीडच्या ऊसतोड घरातली. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर, मार्च-एप्रिलला परत. आम्ही भावंडं आजीपाशी. गाडी भरून झाल्यावर कोपीत येऊन आई फोन करायची. कधी साडेसातला, कधी रात्री अकराला, ते गाडी कधी भरते त्यावर. दोन-चार मिनिटंच बोलणं व्हायचं, कारण चार्जिंग मुकादमाच्या खोपटात आणि तिथं रांग. मला पहिल्यांदा पाळी आली ते मी आईला फोनवर सांगितलं. ती तिकडं रडली, मी इकडं. आजीला सांगायला तोंड नव्हतं माझ्याकडं.

सातला भोंगा वाजवून तुम्ही तो फोन बंद करणार. आणि ठराव कोण घेणार? हिवाळ्यातल्या ग्रामसभेला आमचं निम्मं गाव फडावर असतं. जे हजर नाहीत त्यांच्या लेकरांच्या संध्याकाळचं, जे गावात आहेत ते ठरवणार.

तुमच्या कोपीत अठरा माणसं होती. आमची कोप ताडपत्रीची, पाचटाची, आणि तिच्यात आईजवळ फक्त तो फोन होता.

गोदाकाठ

ताई, तुमच्याशी वाद घालायला मन होत नाही. पण मी गंगाखेडकडं जिल्हा परिषद शाळेवर वीस वर्षं शिकवतोय, आणि मांजराकाठांची बाजू घेणं मला भाग आहे.

तुमच्या हातातल्या फोनच्या पलीकडं आई होती. माझ्या वर्गातल्या लेकरांच्या फोनच्या पलीकडं कुणीच नसतं. वीस सेकंदांचा एक तुकडा, मग दुसरा, मग तिसरा. सोमवारी मी विचारतो, काल घरात कुणाशी काय बोललात? पाचवीची पोरं एकमेकांकडं बघतात. पूर्वी याच प्रश्नाला अर्धा तास जायचा. म्हैस व्याली, मामा आला, आजीनं भुताची गोष्ट सांगितली. आता गोष्ट सुरू केली की मधेच मान फिरते. शेवटापर्यंत ऐकायचा दम त्यांच्यात उरला नाही, आणि तो आम्ही मोठ्यांनीच घालवला. लेकरू रडलं की हातात फोन द्यायचा, हे कुणी सुरू केलं?

गंगाखेडात जनाबाई जन्मली. दळण-कांडण करता करता तिनं विठ्ठलाला समोर बसवलं, कारण हात कामात असले तरी मन एका जागी होतं. दीड तास तेवढं मन जागेवर आणायला ठराव लागत असेल तर घ्यावा. तातडीच्या फोनला कुणी अडवत नाही.

औशाची सून

जात्याचं कौतुक ज्यांनी दळलं नाही त्यांनी करू नये, सर. माझ्या सासूबाईंच्या खांद्यात अजून कळ आहे.

येळवसचंही सांगते. आदल्या रात्रीपासून आम्ही बाया भज्जी शिजवतो, उंडे उकडतो. पहाटे डोक्यावर दुरड्या. शेतात वाढणं, उष्टं काढणं, परत येऊन भांडी. 'सगळे मिळून बसायचो' असं जे म्हणतात त्यांनी आठवून बघावं, त्या बसण्यात आई कुठं होती? रात्री साडेदहाला मी माहेरी व्हिडिओ कॉल लावते. आई अंगणातला मोगरा दाखवते, मी माझं लेकरू दाखवते. बारा वर्षांत मी माहेरच्या माणसांत कधी नव्हते इतकी आता आहे.

फोन ठेवायचे तर ठेवा, पण मोकळे झालेले हात मग भांड्यांना लागू द्या.

तेरणाकाठ

मी वयानं यातल्या बहुतेकांपेक्षा मोठा. माझं दोन्ही बाजूंशी पटत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचं गाव पडलं. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यातलं आमचं एक. जुन्या गावात गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी आली तर माणूस ओट्यावर चढायचा. ओट्यावर चढला की बसायचा, बसला की चहा. माळवदावरून माळवदावर बोलणं चालायचं. त्याच दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली, म्हणून नवी घरं सुटी सुटी, रस्ते रुंद. बरोबरच होतं ते. पण जमीन किती त्यावरून घर केवढं हे ठरलं, आणि आमच्या गावात त्याच हिशेबानं गल्ल्या पडल्या. माझा चुलतभाऊ, ज्याची चूल माझ्या भिंतीला होती, तो पाऊण किलोमीटर लांब गेला. ओटा कुणाच्याच घराला नाही.

मोबाईल आला त्याच्या आधी दहा वर्षं आम्ही टीव्हीपुढं एकेकटे बसत होतो. तुम्ही भोंगा वाजवाल, फोन बंद कराल, आणि मग माणूस दारातून बाहेर येऊन बसणार कुठं?

नीटवाली, लातूर

आमच्या वसतिगृहात फोन जमा करून घेतात. रविवारी अर्धा तास साधा फोन मिळतो, तोही आई-बाबांसाठी. खोलीत चौघी आहोत. सहा महिने झाले, समोरच्या पलंगावरच्या मुलीला भाऊ आहे का बहीण, मला माहीत नाही. परवा ती रात्री रडत होती आणि मी झोपल्यासारखं केलं, कारण सकाळी टेस्ट होती. फोन नसला की माणसं आपोआप बोलतात असं मला नाही वाटत. आज जेवताना विचारणार आहे तिला.

बिंदुसरा

या पोरीचं वाचून लिहायलोय.

इतका वेळ सगळे दुसऱ्यांशी बोलण्याचंच म्हणतायत. मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा, कुणाशी बोलणं नाही, नजर मिळवणंही नाही. पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा. मला वाटलं होतं शांत वाटेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा भाऊ समोर उभा राहिला. आमचं बांधावरून भांडण, नऊ वर्षं बोलणं बंद. रोजच्या धबडग्यात त्याचा राग मला जाणवायचाही नाही, कारण जाणवायला लागला की मी फोन काढायचो. तिथं काढायला फोन नव्हता. पोटात गोळा आला, तो बघत बसलो. त्या रागाखाली लाज होती. मोजणीत दोन फूट माझ्याकडं जास्त निघाले होते आणि मला ते ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. फोन हातात आल्याबरोबर पहिला त्याला लावला. त्यानं उचलला, आणि 'हां, बोल' एवढंच म्हणाला, जसं काही काल बोललो होतो.

म्हणून भोंग्याला माझा पाठिंबाही नाही, विरोधही नाही. त्या दीड तासात जे वर येईल त्याच्याजवळ बसायची तयारी हवी, आणि ती ठरावानं येत नाही. माझी दहा दिवसांनी आली.

मांजराकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

बालाघाटची ताई, ग्रामसभेच्या ठरावाचं मी मागं घेतो. मी जो गावाचा विचार करत होतो त्यात फडावरचं गाव नव्हतंच. चूक झाली.

येळवसचं मात्र सोडत नाही. एक दिवस, तोही आपल्या घरापुरता. कोपीच्या दाराशी दुरडी ठेवायची, त्यात फोन. ज्याला कुणाच्या फोनची वाट असेल त्यानं तो हातात ठेवावा, कुणी विचारायचं नाही. औशाच्या ताईंचं वाचून काल मी बायकोला विचारलं की तू येळवसला कधी बसतेस. ती म्हणाली, परतीच्या वाटेवर गाडीत. पुढच्या वर्षी वाढायला आम्ही भाऊ.

आणि पुढच्या वर्षापर्यंत मी थांबलो नाही. काल वडिलांना विहिरीवर घेऊन गेलो. फोन घरी होता. झरा उगवतीच्या बाजूनं होता, मी इतकी वर्षं मावळतीचा समजत होतो.

बालाघाटची लेक

दुरडीचं पटलं, दादा. आई यंदाही फडावर आहे. मी आता संभाजीनगरला नर्सिंग करते, रात्रपाळी असली की तिचा फोन माझ्याकडून हुकतो, आणि ती परत करत नाही, 'लेकरू कामात असेल' म्हणून. मागच्या आठवड्यात असे तीन हुकले. आज सुट्टी आहे. सातपासून फोन समोर ठेवून बसणार आहे, दुसरं काही न बघता.

तेरणाकाठ

मी घरासमोर ओटा बांधायला काढलाय. आठ फूट लांब, दीड फूट उंच. शहाबादी फरशी शेजाऱ्याकडं उरली होती, ती त्यानं आणून दिली. गवंडी विचारायला लागला, नवीन घराला ओटा कशाला? त्याला म्हटलं, बांधून झाला की तूच पहिला बस.